वाऱ्याचे थर वाचणारी वैमानिक : निकोला स्केफ

१. सुकाणू नसलेले वाहन

नावेला सुकाणू असते, घोड्याला लगाम असतो, विमानाला दिशा बदलण्यासाठी शेपटीवर हलता पडदा असतो. मनुष्याने प्रवासासाठी जी साधने निर्माण केली, त्यांपैकी बहुतेकांत वळण्याची काही ना काही सोय आहे. याला एक ठळक अपवाद म्हणजे उष्ण हवेचे बलून. ते वर नेता येते आणि खाली आणता येते. परंतु उजवीकडे किंवा डावीकडे नेण्याचे कोणतेही साधन त्यात नसते. वारा नेईल तिकडे ते जाते. असे असूनही या बलुनांच्या जागतिक स्पर्धा भरतात, आणि त्या स्पर्धांत कित्येक किलोमीटर दूर जमिनीवर आखलेल्या फुलीवर बलून नेऊन पोहोचवावयाचे असते. जे वाहन वळवताच येत नाही, ते नेमक्या जागी न्यावयाचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या कर्तृत्वाने दिले, त्यांत ऑस्ट्रेलियाच्या श्रीमती निकोला स्केफ यांचे नाव मानाने घेतले जाते. २०१४ मध्ये पोलंडमधील लेश्नो या गावी स्त्रियांची पहिली जागतिक उष्ण-हवा-बलून स्पर्धा झाली. तीत श्रीमती स्केफ अजिंक्य ठरल्या. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, लिथुएनियातील बिर्श्तोनस येथे दुसरी स्पर्धा झाली. तीतही त्यांनीच विजेतेपद राखले. या दोन विजयांमागे एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती भूगोलाच्या व पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने अवश्य समजून घ्यावी अशी आहे. श्रीमती स्केफ दक्षिण गोलार्धात नित्य उड्डाणे करीत असत. दोन्ही स्पर्धा मात्र उत्तर गोलार्धात झाल्या. पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, या दोन गोलार्धांत वाऱ्याची उंचीबरोबर वळण्याची रीत परस्परांच्या उलट असते. म्हणजे सवयीने जे हाताला ठाऊक, तेच येथे विसरणे आवश्यक होते.

२. बलून वर का जाते?

प्रथम बलुनाच्या उड्डाणाचे तत्त्व पाहू. बहुतेक पदार्थ तापले म्हणजे प्रसरण पावतात. हवा तापली की तेवढ्याच जागेत पूर्वीपेक्षा कमी हवा मावते, म्हणजेच तिची घनता कमी होते. समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सियस उष्णतामानाच्या एक घनमीटर कोरड्या हवेचे वजन सुमारे १,२२५ ग्रॅम भरते. हीच हवा ९५ अंशांपर्यंत तापविली, तर एक घनमीटर हवेचे वजन सुमारे ९५९ ग्रॅम उरते. दोहोंतील अंतर २६६ ग्रॅम. पाण्यात बुडविलेले लाकूड ज्या नियमाने वर येते, त्याच नियमाने भोवतीची जड हवा या हलक्या हवेला वर ढकलते. आणि प्रत्येक घनमीटरामागे २६६ ग्रॅम भार उचलला जातो.

हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु बलुनाचा आकार लहान नसतो. दोन हजार घनमीटरांच्या बलुनात या हिशेबाने सुमारे ५३० किलोग्रॅम भार उचलण्याची शक्ती येते. या भारात बलुनाचे नायलॉनचे आवरण, वेताची टोपली, प्रोपेन वायूच्या टाक्या, तो वायू जाळणारा ज्वालक आणि टोपलीतील माणसे, एवढे सर्व सामावते. ज्वालकाची कळ दाबली की अनेक हात उंच ज्वाला उठते, आतील हवा अधिक तापते आणि बलून चढू लागते. ज्वालक बंद ठेवला की हवा निवते आणि बलून उतरू लागते. त्वरेने उतरावयाचे असल्यास आवरणाच्या माथ्यावरील गोल झडप दोरीने उघडून थोडी उष्ण हवा सोडून देतात. काही बलुनांच्या कडेलाही फटी असतात. त्यांतून हवा सोडली म्हणजे बलून स्वतःभोवती फिरते. यामुळे टोपलीचे तोंड बदलते, प्रवासाची दिशा नव्हे.

भोवतीची हवाच तापलेली असेल, तर हे अंतर कमी होते. ३५ अंशांच्या हवेत तेच बलून, आतील हवा ९५ अंशांवर असतानाही, सुमारे ३७० किलोग्रॅमच भार उचलील. बलुनांची उड्डाणे पहाटेच्या थंडाव्यात होतात, त्याचे हे एक कारण. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की, सूर्य वर आल्यावर तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उसळू लागतात. अशा उसळत्या हवेत बलुनाच्या चालकाचा ताबा राहत नाही. यास्तव सूर्योदयानंतरचे पहिले एकदोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा शांत काळ, एवढीच वेळ सामान्यतः उड्डाणास योग्य मानतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेविली पाहिजे. हवा हलकी म्हणून बलून हलके, असे नव्हे. वर दिलेल्या उदाहरणातील बलून, त्यातील उष्ण हवा व सर्व भार यांचे एकत्रित वजन सुमारे अडीच टन होते. एवढे वस्तुमान ज्वाला पेटविल्याबरोबर हलत नाही. काही सेकंद जातात. म्हणून चालकाला आत्ता काय करावयाचे याचा विचार करून भागत नाही. थोड्या वेळाने बलून कोठे असेल, हे आधी ठरवून ज्वालक चालवावा लागतो.

३. स्त्रिया आणि बलून : थोडा इतिहास

मनुष्याचे पहिले मुक्त उड्डाण उष्ण हवेच्या बलुनातूनच झाले. मॉन्गोल्फिए बंधूंनी बनविलेल्या बलुनातून २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पिलात्र द रोझिए आणि मार्क्विस दार्लांद हे दोघे पॅरिसवरून सुमारे पंचवीस मिनिटे तरंगत गेले. त्यानंतर एक वर्षही लोटले नाही तोच, ४ जून १७८४ रोजी, फ्रान्समधील लिआँ येथे एलिझाबेत तिब्ल ही स्त्री उष्ण हवेच्या बलुनातून आकाशात गेली. मुक्त बलुनातून उडणारी ती पहिली स्त्री होय.

पुढे हायड्रोजनच्या बलुनांनी उष्ण हवेच्या बलुनांना मागे टाकले. या काळात सोफी ब्लांशार या फ्रेंच स्त्रीने बलून उडविणे हाच आपला व्यवसाय केला. १८०५ पासून ती एकटीने उड्डाणे करी, आणि नेपोलियनच्या काळात सार्वजनिक उत्सवांतील उड्डाणे तिच्याकडे सोपविली जात. १८१९ मध्ये पॅरिस येथे बलुनातून शोभेचे दारूकाम उडवीत असता हायड्रोजनने पेट घेतला आणि त्या अपघातात तिचा अंत झाला. धैर्याच्या बाबतीत स्त्री उणी पडत नाही, हे त्या काळच्या युरोपने प्रत्यक्ष पाहिले होते.

उष्ण हवेच्या बलुनाचे पुनरुज्जीवन विसाव्या शतकात झाले. २२ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ब्रूनिंग या ठिकाणाहून एड योस्ट यांनी प्रोपेनच्या ज्वालकावर चालणाऱ्या आधुनिक बलुनातून उड्डाण केले. सोबत नेता येईल असे इंधन मिळाल्यामुळे बलून पुन्हा सुलभ झाले, आणि १९७३ मध्ये अमेरिकेतच अल्बुकर्की येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. १९०५ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघ या स्पर्धांचे नियमन करतो. सर्वसाधारण जागतिक स्पर्धा स्त्री-पुरुष दोघांसही खुली आहे. परंतु तीत स्त्री-चालकांची संख्या नेहमीच अल्प राहत आली. केवळ स्त्रियांसाठी जागतिक स्पर्धा सुरू होण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

४. ही शर्यत कशाची?

बलुनांची स्पर्धा म्हणजे कोण लवकर पोहोचतो याची शर्यत, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः वाऱ्याच्या एकाच प्रवाहात सर्व बलुने सारख्याच वेगाने जाणार. तेव्हा वेगाला येथे अर्थ नाही. येथे परीक्षा अचूकपणाची असते. एकेका उड्डाणात चालकाला एक किंवा अनेक कामगिऱ्या दिल्या जातात आणि प्रत्येकीचे गुण स्वतंत्रपणे मोजले जातात. एखाद्या कामगिरीत सर्वोत्कृष्ट ठरणाऱ्यास हजारापर्यंत गुण मिळतात. अनेक दिवसांच्या अनेक कामगिऱ्यांची बेरीज होऊन क्रम लागतो. म्हणून एका दिवसाच्या दैवाने कोणी अजिंक्य होत नाही.

कामगिऱ्यांचे काही प्रकार पाहू. पहिल्या प्रकारात पंच एक लक्ष्य सांगतात; सर्वांनी तेथवर उडत जाऊन वाळू भरलेली, लांब फीत लावलेली लहानशी खूण खाली टाकावयाची. ज्याची खूण लक्ष्याच्या सर्वांत जवळ पडेल, तो श्रेष्ठ. दुसऱ्या प्रकारात उड्डाण कोठून करावयाचे, हे चालकाने स्वतः शोधावयाचे असते. लक्ष्य ठरलेले असते. आपण त्याच्या वाऱ्याकडील बाजूस ठराविक अंतराबाहेर मोटारीने जाऊन योग्य शेत निवडावयाचे आणि तेथून बलून सोडावयाचे. तिसऱ्यात चालक आपले लक्ष्य स्वतःच आगाऊ जाहीर करतो. चौथा प्रकार सशाच्या पारधीसारखा आहे : एक बलून पुढे जाते, ते जेथे उतरते तेथे लक्ष्य मांडले जाते, आणि मागून येणाऱ्यांनी त्याचा माग काढावयाचा. आणखी एका प्रकारात मार्गाला जास्तीत जास्त मोठा कोन द्यावयाचा असतो. जो चालक आपल्या वाटेला सर्वांत मोठे वळण देईल, तो जिंकतो. सुकाणू नसलेल्या वाहनाला वळण देण्याची ही स्पर्धा पाहिली की खेळाचे मर्म ध्यानात येते.

अचूकपणा किती लागतो, याचा एक हिशेब करू. लक्ष्य पाच किलोमीटर दूर आहे आणि वारा सेकंदाला पाच मीटर वेगाने वाहतो आहे. बलून तेथे एक हजार सेकंदांत, म्हणजे सुमारे सतरा मिनिटांत पोहोचेल. या वाटेवर दिशेत केवळ एक अंशाची चूक झाली, तर बलून लक्ष्यापासून ८७ मीटर दूर जाईल. जागतिक स्पर्धेत उत्तम चालकांच्या खुणा लक्ष्यापासून थोड्या मीटरांवर पडतात. म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाचीही उपेक्षा करून चालत नाही.

याशिवाय दक्षतेचे नियम असतातच. एकाच लक्ष्याकडे अनेक बलुने येत असता वरच्या बलुनाने खालच्यास वाट द्यावयाची असते. कारण खालच्या चालकाला स्वतःच्या विशाल आवरणामुळे डोक्यावरचे काही दिसत नाही. खूण टाकण्याच्या घाईत टोपली जमिनीवर आदळल्यास गुण कापले जातात. प्रत्येक बलुनाचा मार्ग उपग्रहाधारित यंत्राने नोंदला जात असल्यामुळे नियमभंग लपून राहत नाही.

५. वाऱ्याचे वळण : उजवे आणि डावे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सर्व उंचीवर वारा एकाच दिशेने वाहत असता, तर बलुनाची स्पर्धा संभवली नसती. परंतु तसे नसते. जमिनीलगत वारा एका दिशेने, शंभर मीटरांवर किंचित निराळ्या दिशेने आणि पाचशे मीटरांवर आणखी निराळ्या दिशेने वाहतो. जणू एकावर एक रचलेल्या, निरनिराळ्या दिशांना जाणाऱ्या अदृश्य वाटाच. चालक वर-खाली होतो तो या वाटांपैकी हवी ती पकडण्यासाठी. उंची बदलणे हेच त्याचे सुकाणू.

हे थर वेगवेगळ्या दिशांना का जातात? हवा जास्त दाबाच्या प्रदेशाकडून कमी दाबाच्या प्रदेशाकडे जाऊ पाहते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने वाहती हवा आपल्या वाटेवरून ढळते; उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे. हे ढळणे वेगावर अवलंबून असते : वेग जास्त, तर ढळणे जास्त. उंचावर वाऱ्याला अडथळा नसतो. तेथे तो वेगाने वाहतो आणि पुष्कळ ढळतो. जमिनीलगत झाडे, घरे, टेकड्या यांच्या घर्षणाने त्याचा वेग मंदावतो. त्यामुळे तो कमी ढळतो आणि कमी दाबाकडे अधिक झुकतो. परिणामी, उत्तर गोलार्धात जसजसे वर जावे तसतसा वारा आपल्याला उजवीकडे नेऊ लागतो, आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे.

उदाहरण घेऊ. पोलंडमधील एका सपाट प्रदेशात सकाळी जमिनीलगतचा वारा पश्चिमेकडून येऊन बलुनाला पूर्वेकडे नेत आहे. चालक वर चढला. वरचा वारा वायव्येच्या बाजूने येणारा असेल, तर बलून आग्नेयेकडे, म्हणजे चालकाच्या उजव्या हाताला झुकेल. हीच स्थिती ऑस्ट्रेलियात असती, तर वरचा वारा नैर्ऋत्येच्या बाजूने आला असता आणि बलून ईशान्येकडे, म्हणजे डाव्या हाताला गेले असते. लक्ष्य आपल्या डावीकडे राहत आहे असे दिसताच पोलंडमधील चालकाने खाली उतरावे. ऑस्ट्रेलियातील चालकाने वर चढावे. समस्या एकच, उपाय मात्र नेमके उलट.

शेवटच्या क्षणी तर हा भेद फारच महत्त्वाचा ठरतो. खूण टाकण्यासाठी बलून खाली आणावे लागते. उतरताना उत्तर गोलार्धात वाट डावीकडे वळते. म्हणून येणाऱ्या चालकाने लक्ष्य आपल्या किंचित डावीकडे ठेवूनच जवळ यावे. दक्षिण गोलार्धात ते किंचित उजवीकडे ठेवावे लागते. लक्ष्य ज्याने अगदी समोर ठेविले, तो खाली येईपर्यंत बाजूला सरकलेला असतो.

मात्र हा नियम म्हणजे सर्वकाळचे बंधन नव्हे. रात्री डोंगरउतारांवरील थंड हवा खोऱ्यात उतरते आणि पहाटे नदीच्या अंगाने वाहते. समुद्रकाठी खारे व मतलई वारे आपला निराळा क्रम चालवितात. हवामान बदलत असता सारेच थर विस्कटतात. म्हणून कुशल चालक नियम जाणतो, परंतु विश्वास मोजमापावर ठेवतो. उड्डाणापूर्वी हीलियम भरलेला लहान फुगा सोडून, तो कोणत्या उंचीवर कोणत्या दिशेला सरकतो हे उपकरणाने टिपले जाते. पुढे गेलेले सहकारी लक्ष्याजवळून तसेच फुगे सोडून वाऱ्याची वार्ता कळवितात. टोपलीतून साबणाच्या फेसाचा गोळा सोडला, तर तो खाली जाताना प्रत्येक थरात कसा सरकतो हे दिसते. इतर बलुने, चुलीचा धूर, तळ्यावरील तरंग, झाडांची पाने, ही सर्व वाचता येणारी अक्षरेच असतात.

६. हंटर खोऱ्यातील शाळा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या उत्तरेस, हंटर नदीचे खोरे आहे. द्राक्षांचे मळे आणि कोळशाच्या खाणी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. मळ्यांवरून पहाटे पर्यटकांना बलुनातून फिरवून आणण्याचा व्यवसाय तेथे चांगला चालतो. श्रीमती स्केफ या व्यवसायात बलून-चालक म्हणून काम करीत. त्यांचे पती मॅथ्यू स्केफ हेही बलून-चालक आहेत.

पर्यटकांना फिरविणे आणि जागतिक स्पर्धा जिंकणे यांत काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पर्यटकांची बलुने मोठी व संथ असतात. स्पर्धेची लहान व चपळ. परंतु एक गोष्ट दोहोंत समान आहे. प्रवासी घेऊन निघालेल्या चालकाला प्रत्येक सकाळी एक लक्ष्य गाठावेच लागते, ते म्हणजे उतरण्याची जागा. द्राक्षांचे वेल, विजेच्या तारा, कुंपणे, गुरे यांना टाळून, मोटार जेथे पोहोचू शकेल अशा मोकळ्या शेतात टोपली अलगद टेकवावयाची असते, आणि टोपलीतील सर्वांच्या जिवाचे दायित्व त्याच्यावर असते. स्पर्धेत चूक झाली तर गुण जातात. येथे चुकीला क्षमा नाही. रोज पहाटे धूर, धुके आणि पाने पाहून वाऱ्याचे थर ताडण्याचा हा अभ्यास हीच बलून-चालकाची खरी शाळा होय. खोऱ्यातील थंड हवेचे प्रवाह आणि त्यांवरील निराळ्या दिशेचे वारे यांची ओळख ज्याला रोज करून घ्यावी लागते, त्याचे डोळे आपोआप तीक्ष्ण होतात.

७. लेश्नो आणि बिर्श्तोनस

लेश्नो हे पोलंडच्या पश्चिम भागातील गाव. भोवताली विस्तीर्ण मैदान आणि शेती आहे. इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडर विमानांचे हे जुने केंद्र असून १९५८ आणि १९६८ मध्ये ग्लायडरांच्या जागतिक स्पर्धा येथे झाल्या होत्या. हे ठिकाण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ५२ अंशांवर आहे. हंटर खोरे दक्षिणेस सुमारे ३३ अंशांवर. मैदानी प्रदेशात डोंगरांचा अडथळा नसल्याने वाऱ्याचे उजवे वळण पुष्कळदा स्वच्छ आढळते. युरोपातील चालकांना ते बाळपणापासून परिचित. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या चालकाला मात्र प्रत्येक निर्णयापूर्वी मनातला नकाशा आरशात पाहिल्याप्रमाणे उलटा करावा लागतो. आणि हा विचार सावकाश करण्यास वेळ नसतो. अडीच टनांचे वस्तुमान काही सेकंद उशिरा हलते हे गृहीत धरून तो आधीच पुरा व्हावा लागतो. स्त्रियांच्या या पहिल्याच जागतिक स्पर्धेचे विजेतेपद २०१४ मध्ये श्रीमती स्केफ यांनी मिळविले, तेव्हा त्याचे महत्त्व केवळ पदकापुरते नव्हते.

२०१६ ची परीक्षा निराळी होती. बिर्श्तोनस हे लिथुएनियातील आरोग्यस्नानांसाठी प्रसिद्ध असलेले लहानसे गाव नेमुनस नदीच्या मोठ्या वळणांमध्ये, वनराजीत वसले आहे. मैदानावर जो नियम स्वच्छ दिसतो, तो नदीच्या खोऱ्यात आणि जंगलाच्या कडेला गुंतागुंतीचा होतो. खोऱ्यातील थंड हवा नदीच्या अंगाने एकीकडे, तर झाडांच्या शेंड्यांवरील वारा दुसरीकडे जाऊ शकतो. शिवाय जंगलात उतरता येत नाही. म्हणून लक्ष्याइतकाच उतरण्याच्या जागेचाही विचार सतत करावा लागतो. नदीखोऱ्यातील हवा वाचण्याची सवय असलेल्या चालकाला हा प्रदेश अगदीच परका नव्हता, असे म्हणता येईल. श्रीमती स्केफ यांनी येथेही प्रथम क्रमांक मिळविला. एकदा मिळालेले यश योगायोग म्हणता येते. दोन निरनिराळ्या भूप्रदेशांत, दोन वर्षांच्या अंतराने मिळालेले यश ज्ञानाचे फळ मानावे लागते.

८. स्त्रियांची स्पर्धा वेगळी का?

येथे एक शंका उपस्थित होते. बलून चालविण्यास मल्लाचे बळ लागत नाही. ज्वालकाची कळ कोणाच्याही बोटांनी दाबली जाते आणि वारा चालक स्त्री आहे की पुरुष हे पाहत नाही. मग स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा कशाला? वेगळी स्पर्धा म्हणजे त्या कमी आहेत अशी कबुली नव्हे काय?

ही शंका गैर नाही, परंतु तिचे उत्तर हवेत नसून जमिनीवर आहे. बलून महाग असते. त्यासाठी मोटार, इंधन आणि अनेक सहकारी लागतात. अचूकपणा केवळ अनेक उड्डाणांनी येतो. जागतिक स्पर्धेत प्रत्येक देशाला थोड्याच जागा मिळतात, आणि ज्यांना आजवर अधिक उड्डाणे करावयास मिळाली, त्यांच्याच वाट्याला त्या जातात. बलून-पथकांत स्त्रिया दीर्घकाळ वावरत आल्या. पण दोर धरणे, मोटार चालविणे, आवरण गुंडाळणे या कामांत पुष्कळ आणि टोपलीत चालक म्हणून थोड्या. अनुभव नाही म्हणून संधी नाही, आणि संधी नाही म्हणून अनुभव नाही, असे हे चक्र आहे. ते कोठे तरी तोडावे लागते. वेगळ्या स्पर्धेने जागतिक पातळीवरील कसोटीच्या कामगिऱ्या करून पाहण्याची संधी अनेक देशांच्या स्त्रियांना एकाच वेळी मिळाली. कामगिऱ्या, मोजमाप आणि गुण यांत सवलत कोणतीही नाही.

पुढील घटनांनी ही योजना सार्थ ठरविली. २०१८ मध्ये पोलंडमधील नावेंचुफ येथे तिसरी स्पर्धा झाली आणि तीत पोलंडच्याच दारिया दुद्केविच-गोवाव्स्का विजयी झाल्या. २०२३ मध्ये ही स्पर्धा पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्दम येथे भरली. या वेळी युरोपातील चालकांना दक्षिण गोलार्धात यावे लागले, आणि मनातला नकाशा उलटा करण्याची पाळी त्यांच्यावर आली.

९. समारोप

निसर्गावर विजय मिळविला, असे आपण सहज बोलून जातो. बलुनाच्या चालकाला असे म्हणता येत नाही. तो वाऱ्याला रोखत नाही, वळवत नाही, त्याच्याशी झुंजत नाही. वाऱ्याचे नियम जाणून, त्यांपैकी आपल्याला अनुकूल असेल त्या थरात तो स्वतःला नेऊन ठेवतो. श्रीमती स्केफ यांनी हे साधले ते आपल्या परिचित आकाशात नव्हे, तर जेथे सवय फसवी ठरते अशा परक्या आकाशात. सवयीपेक्षा कारणांचे ज्ञान श्रेष्ठ. कारण ठाऊक असले म्हणजे परिस्थिती उलटली तरी माणूस चुकत नाही. शाळेत नियम पाठ न करता त्यांमागील कारणे समजून घ्यावीत असे जे सांगतात, त्याचा अर्थ हाच.

प्रश्न व प्रयोग

१. लक्ष्य तीन किलोमीटर दूर असता दिशेत एक अंशाची चूक झाली, तर बलून किती मीटर बाजूला जाईल? पाच किलोमीटरांच्या उदाहरणावरून काढा.

२. उत्तर गोलार्धातील मैदानावर उडताना लक्ष्य आपल्या उजवीकडे राहत आहे असे चालकाला दिसले. त्याने चढावे की उतरावे? दक्षिण गोलार्धात काय करावे? दोन्ही आकृत्या काढून दाखवा.

३. हलक्या कागदाच्या दोन सारख्या पिशव्या, तोंडे खाली करून, एका काडीच्या दोन टोकांना टांगा आणि काडी मध्यावर दोऱ्याने तोलून धरा. शिक्षकांच्या समक्ष एका पिशवीखाली, हातभर अंतर ठेवून, पेटती मेणबत्ती धरा. कोणती पिशवी वर जाते? का?

४. आठवडाभर सकाळी एकाच ठिकाणी उभे राहून जमिनीलगतचा धूर आणि ढग कोणत्या दिशांना सरकतात ते वहीत टिपा. धूर ज्या दिशेला जातो तिकडे तोंड करा. ढग उजवीकडे जातात की डावीकडे? सर्व दिवशी एकच उत्तर न आल्यास, तुमच्या गावाजवळील टेकडी, नदी किंवा समुद्र यांचा त्यात काही भाग असेल काय, याचा विचार करा.